पर्पेचुआ आणि तिचे दोन गुलाम

कुंदाबिसीच्या तिठ्यावर, गोरखचिंचेच्या सावलीत पर्पेचुआ बायोरचं पितोघर आहे. घर म्हणायचं आपलं. चार मातीचे खांब, वर गवताचं छप्पर, खाली गुळगुळीत झालेली बाकं आणि मागच्या अंगाला माणूस बुडेल एवढी तीन काळी मडकी. ज्वारीला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे, दिवसभर शिजवायचे आणि आंबलेला तो तांबूस पितो भोपळ्याच्या कटोऱ्यातून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हे काम ती तीस वर्षं करते आहे. कटोऱ्याबरोबर एक शिवी फुकट. काही लोक पितोपेक्षा शिवीसाठीच येतात असं ती सांगते, आणि त्यात खोटं काही नाही.

शिवीचं कारण असं, की पर्पेचुआ दगाबा जमातीची आणि गाव सगळं फ्राफ्रा जमातीचं. दगाबा आणि फ्राफ्रा म्हणजे थट्टेचं नातं. कधीकाळी दोन्हीकडच्या पूर्वजांनी मिळून एक कुत्रा भाजला म्हणे, आणि त्याचं मुंडकं कोणी खाल्लं यावरून जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. मिटू नये अशीच सगळ्यांची इच्छा आहे. भेटलं की एकमेकांना 'गुलाम' म्हणायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, हातातली वस्तू हिसकावून घ्यायची, वेळ पडली तर मढंसुद्धा अडवायचं. समोरच्यानं फक्त एक पथ्य पाळायचं, रागवायचं नाही. जो रागावला त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. गिनी कोंबडी घेऊन थट्टेकऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे सुटका होते.

तिचा नवरा गवंडी होता. मिशनची शाळा बांधायला तो पश्चिमेकडून, जिरापाच्या बाजूनं आला, शाळा पुरी केली आणि पुढच्याच वर्षी तापानं गेला. त्याला पुरायच्या वेळी गावातले चार फ्राफ्रा बाप्ये खड्ड्यात उतरून आडवे झाले. "आमच्या गुलामाला आम्ही फुकट पुरू देणार नाही. आधी पितो आण, मग उठतो!" पर्पेचुआ रडत रडत हसली, हसत हसत मडकं घेऊन आली. माहेरी परत जायचं तिच्या मनात होतं, ते त्या दिवशी गळून पडलं. ज्या गावानं आपल्याला त्या दिवशी हसवलं, ते गाव सोडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

पदरी एक मुलगा होता. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून तिसऱ्याचं नाव ठेवलं डेर. डेर म्हणजे परत आलेला. पोरगा आईवर गेला. सहा वर्षांचा असताना गावच्या नाबाला, म्हणजे राजाला, भर दरबारात तो म्हणाला, "गुलामा, तुझी टोपी माझ्या बकरीला हवी." नाबानं टोपी दिली. बकरीनं ती खाल्ली.

आता चार वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, आणि ते सांगताना माझं डोकं अजून तापतं. आमच्याकडे पक्ष दोन, कंदीलवाले आणि ढोलवाले. मागच्या निवडणुकीत दोघांच्या मिरवणुका एकाच दुपारी तिठ्यावर समोरासमोर आल्या. आधी गाणी, मग शिव्या, मग दगड. डेर कुठल्याच पक्षाचा नव्हता. तो रिकामं मडकं डोक्यावर घेऊन घरी निघाला होता. एक दगड आला आणि त्याचा डावा डोळा गेला. दगड कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नाही. पण आठवड्याच्या आत दोन्ही पक्षांनी त्याच्या पट्टी बांधलेल्या तोंडाचा फोटो आपापल्या फलकांवर छापला, दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडत. लाज नावाची चीज बाजारात मिळत असती तर मी दोघांनाही टोपलीभर घेऊन दिली असती.

डोळ्याची जखम भरली, पण डेरची थट्टा बंद झाली. कोणी 'ए गुलाम' म्हणून हाक मारली तर तो मान वळवून निघून जायचा. सव्वीस वर्षांचा जवान, आईबरोबर मडकी उचलायचा, लाकडं फोडायचा, पण शब्द मोजून बोलायचा. डोळा गेल्याचं दुःख पर्पेचुआनं गिळलं होतं, ही गप्पगप्प चाल मात्र तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

यंदाची निवडणूक जवळ आली तसा तो कंदिलाच्या पोरांत बसायला लागला. "कंदील तुला आवडतो का रे?" तिनं विचारलं.

"मला ढोल आवडत नाही," तो म्हणाला.

एक दिवस झाडताना त्याच्या खाटेखाली पोतं लागलं. भुईमूग असेल म्हणून तिनं ओढून पाहिलं. आत दगड होते. मुठीत नीट बसतील असे, एकसारखे, ज्वारीतून खडे निवडावेत तसे निवडून आणलेले. पर्पेचुआ जमिनीवर बसली. मग पोतं होतं तसं आत सरकवलं आणि कोणाला काही बोलली नाही. दगड मारणाऱ्यालाही दगड लागतात, एवढं तिला कळत होतं. एक डोळा गेला तो गेला, दुसरा मी कोणाला देणार नाही, असं तिनं मडक्यांना सांगितलं, कारण त्या वेळी ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

कंदिलाचे अध्यक्ष अबुग्रे मास्तर. निवृत्त, गणिताचे, बोलतानाही मुद्दे आणि पोटमुद्दे पाडणारे. ढोलाचा अध्यक्ष सिल्वेस्टर. तीन लॉऱ्यांचा मालक, पोट पुढे आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्याही पुढे. हा सिल्वेस्टर मास्तरांचाच विद्यार्थी. एके काळी दोघं पर्पेचुआकडे एका बाकावर बसून एकाच कटोऱ्यातून प्यायचे. चार वर्षांपूर्वीच्या त्या दगडफेकीनंतर मास्तर सोम, बुध यायचे आणि सिल्वेस्टर मंगळ, गुरू. चुकून समोर आलेच तर गोरखचिंचेची पानं मोजल्यासारखं वर बघत निघून जायचे.

शांतता राखायला नाबानं समिती बसवली होती. स्वतः नाबा, चर्चचे फादर, मशिदीचे इमाम, दोन्ही अध्यक्ष, आणि तीन आठवड्यांपूर्वी दक्षिणेतून बदलून आलेले इन्स्पेक्टर अम्पोन्सा. तीन बैठका झाल्या आणि घोंगडं भिजतच पडलं. प्रश्न एवढाच होता, प्रचाराचा शेवटचा शनिवार, बाजाराचा दिवस, आणि दोघांनाही दुपारचीच वेळ हवी, तिठ्यावरच. सकाळी कोण येणार? सकाळी बाजारात असतात त्या फक्त बकऱ्या.

चौथी बैठक बुधवारी. पर्पेचुआला बोलावणं होतं ते चवळीचे वडे आणि प्यायला घेऊन. नाबांसाठी पितो, इमामांसाठी अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत. ती कोपऱ्यात पळी घेऊन उभी राहिली आणि ऐकू लागली.

"मुद्दा पहिला," मास्तर म्हणाले, "अर्ज आम्ही आधी दिला. पोटमुद्दा अ, तारखेसह."

"तारीख तुमच्या घरच्या घड्याळाची!" सिल्वेस्टर म्हणाला. "माझ्या तीन लॉऱ्या भरून माणसं येणार आहेत. ती काय सकाळी बकऱ्यांना भाषण ऐकवणार?"

"बकऱ्यांनाच समजेल असं भाषण असतं तुझं."

"ऐकलंत? ऐकलंत ना नाबा? मी निघालो."

"तू काय निघतोस, मीच निघालो."

दोघं उठले. उकाड्यामुळे मास्तरांनी आपला पट्ट्यापट्ट्यांचा झगा काढून खुर्चीवर टाकला होता, सिल्वेस्टरची गवती टोपी टेबलावर होती. ते दाराशी पोचेपर्यंत पर्पेचुआनं झगा अंगात चढवला, टोपी डोक्यावर ठेवली आणि मधल्या चटईवर फतकल मारून गळा काढला.

"अगं बाई गं! गेले गं! माझे दोन्ही गुलाम एकाच दिवशी गेले!"

मयताच्या वेळी मेलेल्याचे कपडे आपल्या अंगात घालून त्याची नक्कल करणं हा थट्टेकऱ्यांचा हक्कच आहे. पण जिवंत माणसांचं मयत आमच्या गावात पहिल्यांदाच होत होतं. ती उठली. हनुवटी वर, हात पाठीमागे. "मी मेलो. मुद्दा पहिला, मी आधी मेलो. पोटमुद्दा अ, हा सिल्वेस्टर माझी नक्कल करून मेला." मग पोट पुढे काढून पळी किल्ल्यांसारखी वाजवली. "बाजूला व्हा! मला स्वर्गात न्यायला माझ्याच तीन लॉऱ्या आल्यात!"

फादर हसून हसून खोकायला लागले. इमामांनी जपमाळ तोंडासमोर धरली, पण दाढी हलत होती. मास्तरसुद्धा दारात उभे राहून हसले, चार वर्षांत पहिल्यांदा, सिल्वेस्टरच्या शेजारी.

"आता नीट ऐका, गुलामांनो," पर्पेचुआ पळी उगारून म्हणाली. "तुमची मढी मी धरलीत. सोडवून न्यायची तर शनिवार वाटून घ्या. नाहीतर दोघांची मुंडकी आजच मडक्यात शिजवते, तुमच्या आजोबांनी चोरलेल्या कुत्र्याच्या मुंडक्यासारखी!"

त्या सकाळी सिल्वेस्टरला वरच्या पुढाऱ्यांनी फोनवर झाडलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "गप बस, म्हातारे!" तो ओरडला. "इथे राजकारण चाललंय. पितो विकणारीनं पितो विकावा!"

फ्राफ्रा माणूस थट्टेवर रागावला होता, आणि तोही नाबांसमोर. सिल्वेस्टरच्या तोंडावरचा रंग उतरला, पण सुटलेला शब्द परत कसा घ्यावा ते त्याला सुचेना. आणि त्याच क्षणी इन्स्पेक्टर अम्पोन्सा उठले. त्यांनी पाहिलं ते असं, एक बाई हातात हत्यार घेऊन एका पक्षाच्या अध्यक्षाला मुंडकं शिजवीन म्हणते आणि अध्यक्ष खवळलेला आहे.

"बाई, चला. जिवे मारण्याची धमकी, निवडणुकीच्या आठवड्यात, माझ्या डोळ्यांदेखत."

"साहेब, ती थट्टा..." फादर म्हणू लागले.

"ठाण्यात सांगेल काय ते."

नाबांनी तोंड उघडलं आणि पर्पेचुआकडे बघून पुन्हा मिटलं, कारण तिनं त्यांना डोळा मारला होता. "चला साहेब," ती म्हणाली, "पण झगा आणि टोपी माझ्या अंगावरच राहतील. मयताचा ऐवज आहे." आणि इन्स्पेक्टरच्या पुढे ती अशी चालली, जणू तिनंच त्यांना पकडून नेलंय.

ही बातमी बाजारात पोचायला एक कटोरा रिकामा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. कांदेवाल्या बायकांनी सिल्वेस्टरवर गाणं रचलं, तिसऱ्या कडव्यात त्याच्या आईचं नाव आलं. सिल्वेस्टर काखेत गिनी कोंबडी मारून ठाण्याकडे पळत सुटला. हे मास्तरांना कळलं तेव्हा ते ताडकन उठले. "एकट्या ढोलानं सोडवली तर ती ढोलाची झाली!" ते म्हणाले, आणि दोन कोंबड्या घेऊन निघाले. रागावले नव्हते ते, तरी दोन. राजकारण म्हणजे असं असतं.

ठाण्यात बाक एकच. दोन अध्यक्ष आणि तीन कोंबड्या त्यावर दाटीवाटीनं बसल्या. गिनी कोंबडीचा कलकलाट ज्यानं ऐकलाय त्याला इन्स्पेक्टरांची दशा वेगळी सांगायला नको.

"तक्रार नाही म्हणता?" ते ओरडून विचारत होते. "मग न्या तिला! आणि ही पाखरंही न्या!"

"मी नाही येत," कोठडीतून पर्पेचुआ म्हणाली.

"कुलूप उघडलंय, बाई."

"मग पुन्हा लावा. माझ्याकडे दोन मढी आहेत. गुलामांनो, शनिवारचं काय?"

मास्तर हळूच म्हणाले, "आम्ही दोन वाजता, हा चार वाजता, असं..."

"दोन वाजता तुम्ही सुरू केलंत की मुद्दे संपेपर्यंत रविवार उजाडेल," सिल्वेस्टर म्हणाला. मास्तरांना हसू फुटलं, ते त्यांनी कोंबडीच्या पिसांत लपवलं. तरी सकाळ कोणी घेईना.

एवढ्यात दारात सावल्या पडल्या. डेर आला होता. मागे कंदिलाची दहाबारा पोरं, आणि सगळ्यांचे खिसे जड होऊन लोंबत होते. रस्त्यापलीकडे ढोलाची पोरंही जमायला लागली होती. डेरनं गजांआडची आई पाहिली, मग बाकावरचा सिल्वेस्टर. इन्स्पेक्टरांचा हात कमरेच्या दांडक्यावर गेला.

पर्पेचुआनं तोंड उघडलं. तीस वर्षं जिची जीभ कधी थांबली नव्हती, तिला एक शब्द सापडेना. पोरा, घरी जा, एवढंच म्हणायचं होतं. तेही येईना. कोठडीत येऊन बसायचा शहाणपणा आपल्याला कोणी सांगितला होता, असं तिला झालं.

सिल्वेस्टर उठून उभा राहिला. "डेर," तो म्हणाला, "चूक माझी आहे. तुझ्या आईनं थट्टा केली आणि मी रागावलो."

"रागावलात?" डेरनं विचारलं.

"हो."

"थट्टेवर?"

"हो रे बाबा. ही कोंबडी घेऊन आलोय."

डेर बराच वेळ त्या कोंबडीकडे बघत राहिला. मग मास्तरांच्या दोन कोंबड्यांकडे. मग पुन्हा सिल्वेस्टरकडे.

"एक?" तो म्हणाला. "ज्यानं काही केलं नाही त्यानं दोन आणल्या, आणि ज्यानं केलं त्यानं एक? तीन लॉऱ्यांचा मालक तू, आणि एका लॉरीतसुद्धा कोंबडी मावली नाही, गुलामा?"

'गुलामा' हा शब्द ठाण्यात पडला आणि सगळे तसेच थांबले. सिल्वेस्टरला हसावं की रडावं कळेना. मास्तर पुढे सरकले, म्हणाले, "बरोबर आहे. मुद्दा पहिला..."

"तू गप, गुलामा," डेर त्यांच्याकडे वळला. "माझ्या तोंडाचा फोटो छापलास तेव्हा मला विचारलंस? दोघांनी छापला. आणि तोही खराब. माझा चांगला डोळा त्यात मिटलेला आहे." कोणीतरी मागे खुदकन हसलं. डेर मात्र हसत नव्हता. "आता शनिवारचं माझ्याकडून ऐका. दोन मिरवणुका एका वेळी बघायच्या तर माणसाला डोळे दोन लागतात. ते तुम्ही मला ठेवले नाहीत. म्हणून एक सकाळी आणा, एक दुपारी. एका वेळी एकच. मी दोन्ही बघेन."

हसायचं होतं, पण कोणी हसलं नाही. मास्तरांनी मान खाली घातली. सिल्वेस्टरनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला. थट्टेकऱ्यानं मागितलेलं नाकारता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि हे नुसतं थट्टेचं मागणं नव्हतं, हेही.

"ढोल सकाळी," सिल्वेस्टर म्हणाला. "रागावल्याचा दंड."

"आणि कंदील दुपारी," डेर म्हणाला. "भर उन्हात कंदील लावणारी माणसं गावात मास्तरांचीच."

मग मात्र ठाणं हादरलं. दारातली पोरं हसली, रस्त्यापलीकडची काय झालं म्हणून धावत आली आणि ऐकून तीही हसली. पर्पेचुआ कोठडीच्या जमिनीवर बसली, मास्तरांचा झगा तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडू लागली.

इन्स्पेक्टर अम्पोन्सा पुरते गांगरले. "आता हिला काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही, साहेब," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "कोणीच मेलं नाही."

शुक्रवारी डेरनं खाटेखालचं पोतं पाठीवर घेतलं आणि तिठ्यावरच्या खड्ड्यात रिकामं केलं. हा खड्डा बुजवायचं वचन दोन्ही पक्षांनी तीन निवडणुकांत दिलं होतं. बाकीच्या पोरांनीही आपापले खिसे त्यात झाडले, दोन्हीकडच्यांनी, आणि वर माती लोटली. शनिवारी सकाळी ढोल आला, बकऱ्यांसमोर वाजला आणि गेला. बकऱ्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं असं सिल्वेस्टर अजून सांगतो. दुपारी कंदील आला. मास्तरांचे मुद्दे लांबले, लोक बाकांवर झोपले. इन्स्पेक्टर अम्पोन्सा गोरखचिंचेखाली उभे होते, आणि पर्पेचुआ त्यांना "दक्षिणेकडचे साहेब" अशी हाक मारून वड्यांबरोबर आपली शिवी घ्यायचा आग्रह करत होती. निवडून कोण आलं ते सरकारी दप्तरात आहे, हवं तर बघून घ्या.

पर्पेचुआनं दिवसभर पितो विकला, जीभ एकदाही थांबली नाही, पण नजर सारखी गर्दीत एका डोक्याच्या मागे फिरत होती. दिवस कलला तसा डेर मडकी घेऊन घरी आला. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि उजवा डोळा नीट बघितला, पापणी वर करून, खालची पापणी ओढून.

"काय बघतेस, म्हातारे?" डेर म्हणाला.

"काही नाही. हात धू, जेवायला बस," ती म्हणाली.